नुसतं तोंड

"गुरूला जरा पिकवायचं होतं," अप्पा म्हणाले.

मला वाटलं, आंब्याचं काहीतरी बोलतायत. मी संगणकावर एका वाढदिवसाच्या मुलाचा गॉगल सरळ करत होते. मुलगा चाळिशीचा होता आणि भावी नगरसेवक होता. त्याला तसाच वाकडा सोडून मी वळले.

"कोण गुरू, अप्पा?"

"हा की." त्यांनी खिशातून दंतमंजनाची पुडी काढली, टेबलावर ठेवली आणि तिच्यावरच्या उजवीकडच्या तोंडावर बोट टेकवलं. "मी बघ, पांढरा झालो. ह्याच्या मिशा अजून काळ्या. बरं दिसत नाही."

"अप्पा, आपण त्यासाठी आलेलो नाही," शेजारच्या खुर्चीतून त्यांची सून वीणा म्हणाली. "निमाताई, आम्हाला लोगो करायचाय. नवा. पुण्याचे मॉलवाले म्हणतात, माल उत्तम आहे, पण पुडीवरची माणसं बघून गिऱ्हाईक दचकतं."

"कुणाला बघून दचकतं?"

"तुम्हाला नाही हो. एकूण."

हिंगमिरे बंधूंचं लवंगी दंतमंजन बार्शीत माहीत नाही असं घर नव्हतं. लाल पुडी, तिच्यावर दोन अंडाकृती चौकटी, दोन्हींत एकेक माणूस, कपाळाला विभूतीचे पट्टे आणि दात सगळेच्या सगळे दाखवत हसणं. डावीकडचे आमचे अप्पा. प्रत्यक्षात त्यांच्या तोंडात स्वतःचा एकही दात उरला नव्हता आणि कवळी ते फक्त व्यापाऱ्यांशी भांडायला जाताना घालत. कुणी चिडवलं तर उत्तर ठरलेलं, "मालकानंच माल वापरून संपवला तर विकायचं काय?"

उजवीकडचा कोण, हे मला ठाऊक नव्हतं. मी ह्या गावची सून. आणि पुडीवरच्या माणसाची चौकशी कोण करतं?

माझं दुकान एसटी स्टँडसमोर. नवऱ्यानं झेरॉक्ससाठी काढलं होतं, पण त्याला लवकरच कंटाळा आला. कंटाळणं हाच त्याचा मुख्य व्यवसाय. मग मी बसायला लागले. दुपारी गिऱ्हाईक नसायचं तेव्हा बिस्किटांचे, साबणांचे कागद समोर ठेवून ते संगणकावर जसेच्या तसे काढत बसायची. चुकत चुकत हात बसला. वाढदिवस, वास्तुशांत, श्रद्धांजली, सगळं करत होते. पण कुणी लोगो मागायला आलं की जीव सुपाएवढा व्हायचा.

"लोगोची परीक्षा तीन ठिकाणी," मी दोघांना सांगितलं. "नखाएवढा केला तरी कळला पाहिजे. एका शाईत, रबरी शिक्क्यासारखा उठला पाहिजे. आणि समोर त्या स्टँडच्या बाकावर बसून इथला ओळखता आला पाहिजे. जो फार सांगायला जातो, तो काहीच सांगत नाही."

"माणसासारखंच की," अप्पा म्हणाले.

"मला कडुनिंबाचं पान हवंय," वीणा म्हणाली. "नुसतं एक हिरवं पान. माणसं नकोत."

"पान घाल, फूल घाल, अख्खं झाड घाल. दोघांना काढायचं नाही." अप्पांचा आवाज चढला नव्हता, पण वीणा खुर्चीत मागं टेकून बसली. उठता उठता ते पुन्हा म्हणाले, "आणि गुरूला पिकव."

ते चप्पल शोधत होते तेवढ्यात वीणा माझ्या कानाशी आली. "चुलतसासरे आहेत ते. फार पूर्वी घर सोडून गेलेत. आमच्या ह्यांनीसुद्धा पाहिलेलं नाही. अप्पांसमोर विषय काढू नका हं, भरल्या ताटावरून उठतात."

मी कुठं विषय काढला! दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पाच तो घेऊन आले.

*

रुमालात बांधलेले जुने कागद होते. पुड्यांची वेष्टनं, साली काढल्यासारखी जपून उलगडलेली. अप्पांनी माझ्या टेबलावरचा चहाचा कप बाजूला केला आणि एकाखाली एक लावून ठेवली. सगळी चित्रं कासम पेंटरच्या हातची. कासमभाई त्याच वर्षी वारले होते, म्हणून तर हे माझ्याकडे आले होते.

पहिल्या कागदावर दोन पोरं होती, नुकती मिसरूड फुटलेली. "वडलांनी छापून घेतलं हे," अप्पा म्हणाले. "म्हणाले, माझ्या माघारी तुम्हीच." त्याच्या खालच्या कागदावर दोघांचे गाल भरले होते. त्याखाली अप्पांच्या कानशिलावर पांढरं आलं होतं आणि उजवीकडच्याला चष्मा लागला होता. मग अप्पांचे केस मागं सरकले, मग गेलेच. उजवीकडच्याला हनुवटीखाली वळी पडली.

मी बघत राहिले. इतकी वर्षं ही पुडी आमच्या मोरीत होती आणि तिच्यावरची माणसं म्हातारी होतायत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"अप्पा, साबणावरची बाई कधी म्हातारी होते का?"

"तिची कुणी वाट बघत नसतंय."

"हे भेटले का तुम्हाला नंतर?"

"नाही."

"मग चष्मा कुणी सांगितला?"

"चाळिशीला आमच्या घरात सगळ्यांना लागतो. वडलांना लागला, मला लागला. त्याला चुकतोय व्हय?"

मग त्यांनी सांगितलं. मी विचारलं नव्हतं. लवंग महागली होती. अप्पा म्हणत कमी घालू, गुरू म्हणत होता माल बिघडेल. पुड्या भरणाऱ्या बायका भोवती बसलेल्या. बोलण्यावरून बोलणं वाढलं आणि अप्पा म्हणाले, ह्या धंद्यात तुझं आहे काय? पुडीवर नुसतं तोंड!

"बायका हसल्या. तो पण हसला. त्याची सवयच होती ती. हात धुतले, चप्पल घातली. मला वाटलं, पान खायला गेला." अप्पांनी पहिल्या कागदाचा दुमडलेला कोपरा अंगठ्यानं सरळ केला. "नुसतं तोंड तेवढं तुझं, असं मीच म्हटलं का नाही? मग ते तरी त्याचं त्याला राखायला पाहिजे. माझी पुडी कुठं कुठं जाते. लातूर, उदगीर, नांदेड, पार आदिलाबादपर्यंत. कुठल्यातरी मोरीत उभा राहून तो सकाळी दात घासत असंल. बघंल. म्हणंल, दादानं मला काढलं नाही. येईल मग."

"मग तरुणच ठेवायचा होता, अप्पा. ओळखणं सोपं."

त्यांनी माझ्या भिंतीकडं पाहिलं. तिथं कुणाच्या तरी आजोबांच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स वाळत टांगला होता. आजोबांच्या घरच्यांनी त्यांचा लग्नातला फोटो दिला होता.

"तू हे करतेस ना? ह्यातल्या माणसाचं वय वाढतंय का कधी?"

"नाही."

"थांबलेलं वय मेलेल्याचं असतं, निमा. माझा गुरू जिता आहे."

मी नवीन पान उघडलं. "सांगा, आता कसे झाले असतील."

अप्पा खुर्ची ओढून माझ्या खांद्याशी येऊन बसले. केस वडलांवर जाणार, पांढरेशुभ्र आणि दाट. "माझे गेले ते काळजीनं. त्याला कसली काळजी?" गाल भर, खाण्याचा शौकीन होता. कपाळाला विभूती असणारच, ती कुठं जाते! बायको असेल, पोरंबाळं असतील. डोळ्यांच्या कडेला हसून हसून पडतात त्या रेघा काढ. दोन नको, तीन काढ.

"आणि निमा, दुखणंबिखणं दाखवायचं नाही. सुखी कर."

मी सुखी केला. माझ्या हातून एवढा सुखी माणूस आधी कधी झाला नव्हता. अप्पांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "हा बघ. आलास व्हय?"

*

पण ते चित्र झालं, लोगो झाला नाही. नखाएवढं केल्यावर दोन भाऊ म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन पुरणपोळ्या दिसायला लागल्या. वीणा हसून म्हणाली, "ताई, माझं पान घ्या ना." ते करूनही बघितलं. पान छान होतं, औषधाच्या दुकानाचं वाटत होतं. अप्पांनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

बरेच दिवस मी नुसती पुसत होते. एका दुपारी अप्पा दारातल्या बाकड्यावर चहा पीत बसले होते, तोंड रस्त्याकडं. उन्हात त्यांची बाजू दिसत होती. आणि तेव्हा मला त्यांचं नाक दिसलं. समोरून ते साधं नाक होतं. बाजूनं बघितलं तर मधेच उंटासारखं वर उचललेलं आणि मग टोकाला खाली वळलेलं.

"अप्पा, हलू नका. हे नाक गुरूंचंही असंच होतं?"

"आमच्या घराण्याचंच आहे ते. वडील म्हणायचे, बाकी इस्टेट नाही, नाक तेवढं वाटून घ्या."

मी दोघांना एकमेकांकडं वळवलं. समोरासमोर, बाजूनं, एकेका रेघेत. मग एकेक काढून टाकत गेले. मिशा काढल्या. सुरकुत्या काढल्या, वळी काढली, विभूती काढली. शेवटी चष्म्यावर आले तेव्हा अप्पा कळवळले.

"अगं चष्मा! त्याला दिसायचं कसं?"

"एवढ्याशा आकारात काडी उठत नाही, अप्पा. लोगोत घालायचं कमी असतं, काढायचं जास्त."

"केस तरी ठेवलेस का?"

"ठेवलेत. नुसती रेघ, आत रिकामी. रिकामी म्हणजे पांढरे."

डावीकडं टक्कल, उजवीकडं केस, मधे दोन सारखी नाकं. आणि दोन कपाळं, दोन नाकं, दोन हनुवट्या यांच्यामधे जी जागा सुटली, तिचा आकार बघून माझ्याच अंगावर काटा आला. कडुनिंबाचं पान. वाकडंतिकडं, दातेरी, पण पानच. वीणाला बोलावलं. ती बघत राहिली आणि मग लहान मुलीसारख्या तिनं टाळ्या वाजवल्या. तिचं पान होतं आणि अप्पांचे दोघेही होते. फक्त खाली 'बंधू' लिहावं की नाही यावर ती अडली. आता एकच तर चालवतात, म्हणाली. मी म्हटलं, राहू दे, एक असो नाहीतर दहा, बंधू हा शब्द तसाच राहतो.

शेवटची परीक्षा बाकी होती. अप्पा रस्ता ओलांडून स्टँडच्या बाकावर जाऊन बसले. मी दारात कागद धरून उभी राहिले. मधून बस गेली, मागून दुसरी गेली. धूळ बसल्यावर अप्पा उभे राहिले आणि लोकांची पर्वा न करता ओरडले, "दिसतोय!"

"दोघं दिसतात का?"

"गुरू दिसतोय!"

नव्या पुड्या निघाल्या. कोपऱ्यात मी माझ्या दुकानाचं नाव आणि स्टँडसमोर, बार्शी, एवढं मुंगीएवढ्या अक्षरांत घातलं. कासमभाई घालायचे तसंच. पुण्याच्या मॉलवाल्यांनी माल ठेवला. जुन्या बाजारांतही नवी पुडी गेली. अप्पा रोज दुपारी माझ्याकडं चहाला यायला लागले. चहा हे निमित्त. समोर बस लागली की त्यांचा कप हातात थांबायचा, शेवटचा माणूस उतरेपर्यंत.

*

पावसाळा सरत आला होता तेव्हा ती बाई आली. सकाळच्या बसनं उतरून सरळ रस्ता ओलांडून. हातात कापडी पिशवी, कपाळ मोकळं. दारातच तिनं पुडीचा कोपरा माझ्यापुढं धरला.

"हे दुकान तुमचंच का, बाई?"

"हो. बसा ना."

"गंगासागर माझं नाव. किनवटहून आले." ती खुर्चीच्या कडेवर बसली. "हे तुम्ही काढलंय?"

"मीच."

"मग तुम्हाला माहीत असंल. हा दुसरा माणूस कोण?"

मी हसून विचारलं, तुम्हाला कशाला पाहिजे? तिनं पिशवीतून रुमाल काढला, रुमालातून एक पासपोर्टचा फोटो, आणि टेबलावर ठेवला. "हे माझे मालक. दिवाळीनंतर आजारी पडले, आखाडात गेले. गुरुनाथ नाव."

पूर्ण टक्कल पडलेला माणूस. गाल आत गेलेले, डोळे उघडे, चष्मा नाही, विभूती नाही, ओठ घट्ट मिटलेले. समोरून काढलेल्या फोटोत नाक कळत नाही. मी तो उचलून तिरका धरला, जसं काही त्यानं बाजू दिसणार होती.

"सरळ त्यांच्या घरी जायला पाहिजे होतं," ती म्हणाली. "धीर झाला नाही. वाटा मागायला आली म्हणतील. मला कायबी नको. आमची चहाची गाडी आहे तिथं स्टँडाबाहेर, माझी मी चालवते. मला एवढंच विचारायचं होतं."

"ते काही बोलायचे का? घराबद्दल?"

"कशाचं! मंजन मात्र हेच. दुसरं तोंडाला लावायचे नाहीत. आणि दात बघायचे बाई त्यांचे, शेवटपर्यंत सगळे, एक पडला नाही." ती जरा हसली. "ट्रंकेत एक जुनी पुडी होती, दोन तरुण पोरांची. एकदा निघाले होते. घरी जाऊन येतो म्हणले. मला कळंना, कुठलं घर? पिशवी भरली. वाटेत लागंल म्हणून नवी पुडी आणली, आणि ती घेऊन जे बसले ते बसलेच. मग पिशवी रिकामी केली. म्हणलं काय झालं? तर म्हणले, जागा भरली."

मी फोटो खाली ठेवला.

"त्यानंतर दर पुडीला बघायचे. हा बी पिकायलाय म्हणायचे. दादाशी जमलेलं दिसतंय त्याचं. कोण दादा, कोण हा, मला काय ठाव! आजारपणात सांगितलं सगळं. म्हणले, दादा म्हणला होता तुझं नुसतं तोंड आहे. तेवढंच होतं, ते बी काढून दुसऱ्याचं लावलं. चष्मेवाला, गुबगुबीत. त्याचं तरी बरं चाललं असंल."

बाहेर कंडक्टरनं लातूर लातूर म्हणून हाका सुरू केल्या होत्या.

"मग ही आली. तुमची." तिनं पुडीवरून बोट फिरवलं, कपाळावरून नाकावर, नाकावरून खाली. "असं करायचे, पडल्या पडल्या. म्हणले, गंगे, हे नाक आमच्या घरातलंय. बाहेरच्याला कसं येईल? मग दोन दिवस गप. आणि मग म्हणले, मीच असंन का गं हा? मी म्हणलं, उठून बसा, बरे व्हा, आपण दोघं जाऊन विचारू. पण ते झालं नाही. म्हणून मी आले विचारायला."

उत्तर एका शब्दाचं होतं.

"निमा, चहा सांगितलास का?" दारातून अप्पा आत आले.

*

ते त्यांच्या नेहमीच्या जागी, बाकड्यावर, रस्त्याकडं तोंड करून बसले. गंगासागरबाई त्यांच्या बाजूकडं बघत होती. तिचा हात पुडीवर तसाच होता.

"पाहुण्या कोण?" अप्पांनी मला विचारलं.

मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "ह्या पुडीवरचे तुम्हीच का?"

"डावीकडचा. टकलावरून ओळखलंत?"

"आणि हे दुसरे?"

"तो माझा भाऊ."

"सख्खा?"

"पाठचा. गुरुनाथ. बाहेरगावी असतो." अनोळखी माणसाला ते नेहमी असंच सांगत, जणू बदली झालीय. मग नेहमीच्याच उत्साहानं वळून बसले. "आधी कासम पेंटर होता आमचा, आता ही. थोडा थोडा पिकवत आणलाय दोघांनी. लोक म्हणतात, कशाला? अहो, तरुणच ठेवला असता तर त्याला वाटलं असतं, दादानं आपल्याला मेलेला धरलं. आता बघंल तेव्हा कळंल त्याला, दादा घरी बसून माझं वय मोजतोय."

गंगासागरबाईनं पदर तोंडाशी नेला. तो तिथंच राहिला.

फोटो टेबलावर उघडा होता. मी त्याच्यावर फ्लेक्सचा एक तुकडा सरकवला. तिनं मला सरकवताना पाहिलं. आम्ही दोघी एकमेकींकडं क्षणभर बघत राहिलो. मी तिला नको म्हणत होते की हो, माझं मलाच कळत नव्हतं.

तिनं पदर खाली घेतला. उठली, अप्पांच्या पायांशी वाकली आणि तिथंच जमिनीवर बसली.

"मी किनवटची. त्यांच्या घरातली."

अप्पांनी तिच्या मोकळ्या कपाळाकडं पाहिलं. चहावाल्यानं आणून ठेवलेल्या कपांवर साय धरली. ते रडले नाहीत. कसा गेला, हेही विचारलं नाही.

"पुडी मिळायची का तिकडं?"

"मिळायची."

"बघायचा?"

"रोज सकाळी."

"ओळखलं होतं त्यानं?"

"ओळखायला काय झालं? स्वतःचं तोंड." तिचा आवाज आता सरळ झाला होता. "दादानं मला म्हातारा केला बघ, म्हणायचे. हसायचे."

"मग आला का नाही?"

"निघाले होते की. पिशवी भरली होती. तब्येतीनं जाऊ दिलं नाही."

अप्पांनी मान हलवली. तब्येत हे कारण त्यांना पटलं. त्या वयात पटतं.

"चष्मा लागला होता का गं?"

"लागला होता."

"मी म्हटलं नव्हतं, निमा? आणि केस?"

"दाट. पांढरेशुभ्र."

"अंगानं?"

"भरलेले. खायची आवड."

"विभूती लावायचा?"

"रोज."

पुडीवरून एकेक गोष्ट उचलून ती त्यांच्या ओंजळीत टाकत होती. ती कुठून घेतेय हे मला दिसत होतं. मी खिडकीकडं बघत बसले.

"दात?" अप्पांनी विचारलं.

"सगळे," ती म्हणाली आणि इतका वेळ धरलेला तिचा आवाज तिथं फुटला. "शेवटपर्यंत एक पडला नाही."

अप्पा हसले. बोळक्या तोंडानं, मनापासून. "बघ निमा. मंजन माझं, दात त्याचे." ते हसणं बराच वेळ त्यांच्या तोंडावर तसंच राहिलं, आणि मग त्याचं काय करावं हे त्यांना कळेना.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "फोटो आहे का त्याचा एखादा?"

गंगासागरबाईनं त्यांच्याकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं. "नाही. काढू द्यायचे नाहीत."

"असू दे. निमाकडं आहे."

*

त्याच संध्याकाळी मी फ्लेक्स केला. तो सुखी गुरू अजून संगणकात होता, भरल्या गालांचा, तीन तीन रेघा डोळ्यांच्या कडेला. खाली नाव, भावपूर्ण श्रद्धांजली, शोकाकुल हिंगमिरे परिवार. परिवारात वीणानं स्वतः येऊन गंगासागरबाईचं नाव सगळ्यांत आधी घालायला लावलं. कारखान्याच्या दारात तो उभा केला. येणारे जाणारे थांबायचे आणि म्हणायचे, सुखात गेलेला दिसतो.

गंगासागरबाई थोडे दिवस राहिली आणि परत गेली. अप्पा स्टँडवर सोडायला आले होते. बस गेल्यावर रस्ता ओलांडून माझ्याकडं आले.

"निमा, गुरूला आता थांबव."

"बरं."

"मला मात्र पिकवत राहा."

मी हो म्हटलं. त्या लोगोत पिकवण्यासारखं मी काही ठेवलेलंच नव्हतं, दोन रेघा होत्या. हे त्यांनाही माहीत असावं. पुढं किती वर्षं ते दुपारचे येत राहिले, पण बस लागली तरी कप तोंडाला लावलेलाच असायचा.

आता अप्पाही नाहीत. पुडी मात्र सगळीकडं मिळते, लोगो तोच आहे. परवा एका कॉलेजातली मुलं मला विचारायला आली होती, इतका चांगला लोगो कसा सुचला. मी नाकाचं सांगितलं.

तो फोटो माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. ती जाताना विसरली असं मी म्हणते, ती तसं म्हणत नसेल. दुपारी कुणी नसलं की काढते. तिरका धरून बघते, अजूनही. टक्कल, आत गेलेले गाल आणि ते मिटलेलं तोंड. आत दात सगळे आहेत.